मयतभाऊंचा चष्मा

आमच्या कारखान्यात कुलपं बनतात. त्यामुळे एखादी वस्तू उघडी ठेवणं म्हणजे आपल्याच मालाची बदनामी, असा इथे सगळ्यांचा समज आहे. साखरेच्या डब्याला कुलूप, खुर्च्यांच्या खोलीला कुलूप, तक्रारपेटीला तर दोन कुलपं आणि त्यातल्या एकाची किल्ली कधीचीच हरवलेली. अशा जागी पॅकिंग विभागात मी अर्धं आयुष्य काढलं. 'सगळी कुलपं कारखान्यात राहिली, हिच्या तोंडाला एक आणायचं विसरली,' असं आमचे हे म्हणतात. म्हणोत बापडे.

ज्यांच्याविषयी सांगायचंय ते माझ्या टेबलापलीकडे जाळीआड बसायचे. कुलूप तपासनीस. तयार झालेलं कुलूप हातात घ्यायचं, किल्ली फिरवायची, कानाशी धरायचं आणि 'टक्' असा स्वच्छ आवाज आला की माझ्याकडे सरकवायचं. दिवसभर टक्, टक्, टक्. माणूस अंगाने किडमिडीत, आवाज खालच्या पट्टीतला, आणि बढतीची वेळ आली की साहेबांना नेमकं यांचंच नाव आठवायचं नाही. पण साहेबांना तरी काय बोलायचं? नाव कुणालाच आठवायचं नाही. सगळा कारखाना त्यांना 'मयत' म्हणायचा. मी वयाचा मान राखून 'मयतभाऊ' म्हणायचे.

"मयत कुठाय रे?"

"डबा खातोय."

"खाऊन झालं की वर पाठव, साहेबांनी बोलावलंय."

नवीन लागलेला माणूस हे ऐकून पहिल्या दिवशी पांढराफटक पडायचा. दुसऱ्या दिवसापासून तोही म्हणायला लागायचा.

हे नाव पडलं ते सुरक्षा सप्ताहामुळे. आमच्याकडे दर वर्षी सुरक्षा सप्ताह साजरा होतो आणि तो संपला की सुरक्षाही संपते. तर त्या सप्ताहात एका वर्षी वरून हुकूम आला, की माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत काय करायचं, याचं प्रात्यक्षिक झालंच पाहिजे. छाती कशी दाबायची, हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन कसं लावायचं, वगैरे. दाबायला रबरी पुतळा आला होता, कारण जित्याजागत्या माणसाची छाती अशी दाबली तर बरगड्यांचा चुरा व्हायचा. पण आधी धाडकन कोसळायला, लोकांनी खांदे हलवून हाका मारायला खरा माणूस हवा होता. सुरक्षा अधिकाऱ्यांनी विचारलं, "कोण मरतं?"

सगळे खाली बघायला लागले. एकाची कंबर धरलेली, एकाच्या आईला चालणार नव्हतं, एकाने नवीन शर्ट घातलेला. शेवटी सगळ्यांच्या नजरा गेल्या त्या नाही म्हणता न येणाऱ्या माणसाकडे. तसा माणूस प्रत्येक ऑफिसात एक असतोच, आमच्याकडे जाळीआड होता.

ते उठले. आधी चष्मा काढला, नीट दुमडला, डबीत ठेवला, डबी मिटली, टक्, आणि खिशात टाकली. चष्मा जाड भिंगांचा, महाग, आणि माणूस वस्तू जपणारा. मग रुमालाने जमीन झटकली आणि तिच्यावर मेले.

काय मेले म्हणून सांगू! छातीवर हात, डोळे वर, गुडघ्यातून दुमडत खाली, एक हात लांब. मला खरंच रडू फुटलं. आणि सगळं संपून उठले तेव्हा हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. या माणसासाठी जन्मात कुणी टाळी वाजवली नव्हती. चष्मा परत चढवून ते आमच्याकडे बघत राहिले. मी तेव्हाच ओळखलं, की आता हा गृहस्थ मेल्याशिवाय राहणार नाही.

पुढे ते दर वर्षी मेले. शेजारच्या कारखान्यांत मेले, शाळेत मेले, एकदा बँकेत रांगेसमोर मेले. त्या कलेत त्यांनी नवनवीन भर घातली. मशीन पुतळ्याला लावायचे. 'झटका दिला' असं ते बोललं तरी पुतळा बिचारा हलणार कसा? हे मयतभाऊंच्या जिवाला लागलं. म्हणून शेजारी पडल्यापडल्या पुतळ्याच्या वतीने तेच उसळायचे. अशी उसळी, की पुढच्या रांगेतली माणसं खुर्च्या मागे सरकवायची. सुरक्षा अधिकारी तर म्हणायचे, "आपल्या कार्यक्रमाचा आत्मा म्हणजे मयत."

आणि नुसतं मरून गप्प बसणाऱ्यातले ते नव्हते. वाचवणाऱ्यांवर टीकाही करायचे. मेल्या मेल्या डोळा किलकिला करून हळूच पुटपुटायचे, "कोपरं वाकली. हात सरळ." नंतर चहाच्या वेळी त्यांचं व्याख्यान असायचं. "अहो ताई, तो गोंजारत होता पुतळ्याला! जोरात दाबायला नको? आणि सगळे म्हणतात, श्वास चालूय. तडफडून घेतलेले आचके म्हणजे श्वास नव्हे, घोरल्यासारखं वाटतं ते, पण माणूस गेलेला असतो!" हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं, की आम्ही ते अजिबात ऐकेनासे झालो.

घरी मात्र ही कीर्ती पोचली नव्हती. म्हणजे पोचली होती, पण उंबऱ्यावरच तिला चप्पल दाखवली गेली होती. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणजे खमकं प्रकरण. त्या आमच्याच गल्लीत राहतात, म्हणून मला आतलं सगळं ठाऊक. "घरातला माणूस चारचौघांत मरून दाखवतो आणि लोक टाळ्या वाजवतात, याला काय म्हणायचं?" त्या म्हणायच्या. "हात दाखवून अवलक्षण! मी नाही बघायला येणार, आणि माझ्यासमोर ते नाव कुणी घ्यायचंही नाही."

बघायला त्या कधी आल्या नाहीत, पण सुटका त्यांचीही नव्हती. संध्याकाळी बटाटे चिरत बसल्या असल्या की हे समोर येऊन उभे राहणार. टक्. चष्मा डबीत. "अगं, जरा बघ ना, आज पडताना मान बरोबर वळली का?" आणि मरायचे, स्वयंपाकघराच्या दारात, येण्याजाण्याच्या वाटेवर. त्या ओलांडून जायच्या. मग दिवाणावरचा लोड खाली यायचा आणि वहिनींना तो दाबायला लावायचे. "हात सरळ ठेव. खांदे वर. जोरात. अजून जोरात. थांबू नकोस, तू थांबलीस की तो मेला."

"लोड मेला तर मेला, भाजी करपतेय," असं म्हणत वहिनी त्या लोडावर सगळ्या संसाराचा राग काढायच्या. बढती न मिळाल्याचा, गळक्या नळाचा, नणंदेच्या बोलण्याचा. त्या लोडाचा कापूस पार दोन्ही टोकांना गेला होता. मी एकदा टेकून बसले तर पाठ सरळ भिंतीला लागली.

आता मशीनचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे झटका देणारी मशिनं दोन. एक सरावाचं. ते नुसतं बोलतं, त्याच्यात वीजबीज काही नाही. दुसरं खरं, भारीतलं. खरं आलं त्या दिवशी फीत कापली, फोटो निघाले, आणि मग 'ठेवायचं कुठे' यावर बैठक झाली. हॉलमध्ये ठेवलं तर कुणी हात लावेल! हात लावण्यासाठीच ते आणलंय, हे बोलायला त्या बैठकीत कुणी नव्हतं. शेवटी ते स्वागतकक्षातल्या काचेच्या कपाटात, ढाली-चषकांच्या शेजारी बसलं, आल्यागेल्या पाहुण्यांना दिसावं म्हणून. आणि कपाटाला अर्थातच कुलूप. तेही साधं नाही, 'पहिलवान'. आमच्या कारखान्याची शान. ते बनवणारे आमचे रचना विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे कुलूपमास्तर म्हणतात, छाती काढून सांगायचे, "हे कुलूप हत्ती आला तरी उघडणार नाही." हत्तीला झटका-मशीन कशाला लागतंय, असं मी विचारलं होतं.

हे सगळं घडलं, त्या वर्षी सुरक्षा सप्ताहाला कामगारांच्या घरच्यांनाही बोलावलं. मोठ्या साहेबांच्या डोक्यातून निघालं होतं, की मयतभाऊंना एक ढाल द्यायची. पितळेची, चांगली जड, वर कोरलेलं, 'उत्कृष्ट रुग्ण'. बढती नाही, पगारवाढ नाही, पण ढाल. मयतभाऊंना त्यातही आनंद. ढाल मिळताना बायकोने बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आठवडाभर तिच्या मागे लागले, मलाही मध्ये घातलं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "येते. पण वर बघणार नाही."

आणि खरंच, हॉलमध्ये माझ्या शेजारी येऊन बसल्या त्या मांडीवरच्या पर्सकडे बघत. चेहरा उतरलेला. मी विचारलं, तर म्हणाल्या, "सकाळी म्हणत होते, छातीत जड वाटतंय. मी म्हटलं, घरात तरी नाटक नको, तिकडे जाऊन काय ते मरा." असं म्हणाल्या आणि स्वतःच जीभ चावली.

"कार्यक्रम आहे ना, धडधडतच असेल," मी म्हटलं. हे असं बोलायला काय लागतं?

मोठे साहेब ढाल हातात घेऊन भाषणाला उभे होते. स्टेजच्या कोपऱ्यात पुतळा, सरावाचं मशीन आणि त्यांच्याजवळ आमचे मयतभाऊ, घामाघूम. साहेबांच्या भाषणाला एकदा चाल मिळाली की ते थांबत नाहीत. "कारखान्याच्या भिंती म्हणजे शरीर," ते म्हणाले, "आणि आमचे कामगार म्हणजे हृदय. मी आज तुम्हाला ग्वाही देतो, की हे हृदय कधीच थांबणार नाही!"

आणि मयतभाऊ धाडकन पडले.

साहेबांचं वाक्य आणि यांचं पडणं इतकं जुळून आलं, की हॉल हसण्याने फुटला. टाळ्याच टाळ्या. साहेब स्वतः हसले. फक्त सुरक्षा अधिकारी चिडून कुजबुजले, "अहो, अजून माझं प्रास्ताविक व्हायचंय!" मयतभाऊ काही हलले नाहीत. मग अधिकाऱ्यांनीही वेळ मारून नेली. "तर मंडळी, आपल्या रुग्णाला घाई झालेली दिसते. प्रथमोपचार पथक, चला!"

पथक धावलं. खांदे हलवले, हाका मारल्या. "पेशंट उत्तर देत नाही!" पथकाचा म्होरक्या ठरल्याप्रमाणे ओरडला. मयतभाऊंच्या घशातून घर्र घर्र असा आवाज येत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "या वर्षी घोरण्याचं नवीन घातलंय वाटतं." पुन्हा हशा. मग नियमाप्रमाणे पुतळा मयतभाऊंच्या शेजारी सरकवला आणि सगळं पथक त्या पुतळ्यावर तुटून पडलं. काय दाबत होते! हात सरळ, खांदे वर, जसं शिकवलं होतं तसं. मशीनच्या पट्ट्या पुतळ्याच्या छातीला लावल्या. अख्खा कारखाना मिळून एका रबराच्या पुतळ्याचा जीव वाचवत होता, आणि वीतभर अंतरावर एक माणूस मरत होता.

वहिनी अजून पर्सकडेच बघत होत्या. एकदम मला म्हणाल्या, "डबी वाजली का हो?"

"कसली डबी?"

"चष्म्याची. टक् नाही झालं."

आणि त्यांनी मान वर केली. मीही बघितलं. मयतभाऊंच्या नाकावर चष्मा होता. वाकडा झालेला, एक काडी कानातून सुटलेली, एका भिंगाला तडा. तेवढ्यात मशीन बोललं, "झटका दिला." पुतळा हलला नाही. मयतभाऊही हलले नाहीत.

"आज झटका विसरले!" कुणीतरी ओरडलं.

वहिनी ओरडल्या नाहीत. खुर्च्या ढकलत, लोकांच्या पायांवर पाय देत त्या सरळ स्टेजवर गेल्या. पुतळ्याला त्यांनी एका हाताने असा भिरकावला, की तो पट्ट्यांसकट स्टेजखाली गेला. गुडघ्यांवर बसल्या, हात छातीच्या मधोमध ठेवले आणि दाबायला लागल्या.

"वहिनी, अहो, माणसावर नाही करायचं, प्रात्यक्षिक आहे..." सुरक्षा अधिकारी म्हणाले.

"चष्मा आहे डोळ्यावर!" त्या दाबता दाबता म्हणाल्या. "यांनी चष्मा काढला नाही! मेल्यांनो, खरे गेलेत ते!"

हॉल असा गप्प झाला, की नुसता त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता. एकाने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. पथकातली माणसं मोकळ्या हातांनी उभी होती, पुतळा गेल्यावर कुठे बघावं हेच त्यांना कळेना. वहिनी दाबत होत्या आणि प्रत्येक दाबाबरोबर मयतभाऊंनाच सुनावत होत्या. "ढाल पाहिजे होती नाही! घ्या ढाल! हात सरळ! खांदे वर! थांबले तर मेला म्हणे! नाही थांबत मी!" मग मला म्हणाल्या, "ताई, मशीन! हे बोलकं नको, खरं आणा!"

मी पळाले. माझ्या आधी मोठे साहेब, कुलूपमास्तर आणि स्वागतकक्षातला पहारेकरी कपाटाशी पोचले होते. आत मशीन बसलं होतं, चकचकीत, हिरवा दिवा लावून. बाहेर 'पहिलवान' लटकत होता. किल्ल्यांचा जुडगा मास्तरांच्या हातात आणि एकही किल्ली बसत नव्हती.

"ही नसेल. ही बहुतेक गोदामाची." मास्तर घामाने निथळत होते. "खरी कपाटाची किल्ली साहेबांच्या केबिनमध्ये."

"आणि केबिनला कुलूप, त्याची किल्ली याच जुडग्यात," पहारेकरी म्हणाला.

"हातोडी आणू?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हातोडीने?" मास्तरांच्या आवाजात त्या घटकेलाही अभिमान होता. "हे तुटत नसतं. मी स्वतः बनवलंय."

तिघेही कुलपाकडे बघत होते. सगळी हयात ज्यांनी कुलूप पाहिलं, त्यांना कुलपाशेजारचं काही दिसेल कसं? माझं टाळकं फिरलं. "अहो, काच आहे!" मी किंचाळले. "कपाटाला काच आहे, काच!"

साहेबांनी काचेकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे. भाषणापासून ती पितळी ढाल त्यांच्या हातातच राहिली होती. तिकडून वहिनींचा आवाज येत होता. साहेबांच्या कुठल्याही कामाला आधी बैठक लागते, पण त्या दिवशी लागली नाही, एवढं मी त्यांच्या नावे लिहून देईन. त्यांनी ढाल उचलली आणि दिली ठेवून. काच खळ्ळकन खाली आली. मी मशीन घेऊन पळाले. माझा हात कापला होता, ते मला नंतर कळलं.

मशीन उघडल्याबरोबर बोलायला लागलं. शांत, समजुतीचा बाईचा आवाज. कपडे बाजूला करा, पट्ट्या लावा. पथकातल्या पोरांना आता मात्र शिकवलेलं सगळं आठवलं. शर्ट टराटरा फाडला, पट्ट्या बरोबर लावल्या. वहिनी धापा टाकत होत्या, म्हणून त्यांच्या जागी मी बसले. दाबताना हाताखाली काहीतरी कट्ट वाजलं. बरगडी. मी घाबरून हात काढणार तर वहिनी ओरडल्या, "दाबा! बरगडी सांधता येते!" मला इतकी भीती जन्मात वाटली नव्हती.

"रुग्णाला कुणीही स्पर्श करू नका," मशीन म्हणालं.

मी हात काढले. सगळे मागे सरकले. वहिनींनी मात्र मयतभाऊंचा हात धरून ठेवला होता.

"वहिनी, सोडा."

त्यांनी ऐकलं नाही. मशीनने पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच शांतपणे. "वहिनी, सोडा हो! तुम्हाला लागेल, त्यांना काही मिळणार नाही!" मी रडत ओरडले. एवढा वेळ दगडासारखी असलेली ती बाई तेव्हा मोडली. "मीच म्हटलं होतं, जाऊन मरा म्हणून," असं काहीतरी म्हणाली आणि तिने एकेक बोट सोडवावं तसा हात सोडला.

झटका बसला. आणि खरं सांगू? मयतभाऊंच्या अभिनयापुढे तो काहीच नव्हता. खांदे जरासे उचलले गेल्यासारखे झाले, संपलं. कुणी खुर्ची मागे सरकवली नसती. पण आम्ही पुन्हा दाबायला लागलो, मी, मग पथकातला एक, मग पुन्हा वहिनी, आणि थोड्या वेळाने त्यांच्या हाताखाली मयतभाऊंनी खोकल्यासारखं केलं, मान हलवली आणि वहिनींचं मनगट ढकललं. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा ते कण्हत होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोठे साहेब एका खुर्चीवर बसून रुमालात तोंड खुपसून रडत होते आणि चेमटलेली ढाल त्यांच्या मांडीवर होती.

मयतभाऊ वाचले. डॉक्टर म्हणाले, दाबायला वेळेवर सुरुवात झाली म्हणून. मी भेटायला गेले तेव्हा छातीला पट्टा, नाकात नळी, आणि पहिला प्रश्न, "ताई, हिचे हात सरळ होते का?"

"काठीसारखे."

"आणि माझा झटका? कसा दिसला?"

"अगदीच साधा," मी म्हटलं. ते बिचारे हिरमुसले.

कारखान्यात काय झालं म्हणता? चौकशी झाली. निष्कर्ष असा, की आमचं 'पहिलवान' कुलूप आणीबाणीतही शेवटपर्यंत उघडलं नाही. मास्तरांनी त्याचा जाहिरातीत उपयोग करायचं सुचवलं. काच मात्र कमकुवत ठरली, तेव्हा तिथे न फुटणारी बसवावी, असा प्रस्ताव आला. तो ऐकून मी साहेबांच्या केबिनमध्ये जे आकांडतांडव केलं, ते आता लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आता ते मशीन हॉलच्या भिंतीवर एका खुंटीला लटकतं. दार नाही, काच नाही, कुलूप नाही. आमच्या कारखान्यातली उघडी असलेली ती एकच वस्तू. मास्तर तिच्या समोरून जाताना मान वळवतात.

'मयत' हे नाव लोकांच्या जिभेवर येतं आणि तिथेच अडतं. "अहो म... म... भाऊ," असं करतात सगळे. मयतभाऊंनाच ते खटकतं. मरणं मात्र वहिनींनी बंद करून टाकलंय. घरात, दारात, शाळेत, बँकेत, कुठेही नाही. प्रात्यक्षिकाला आता स्वतः वहिनी जातात, शिकवायला. पुतळ्याला हात लावायच्या आधी सगळ्यांना बजावतात, "आधी बघा, खरा माणूस कुठला ते."

परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. डॉक्टरांनी मयतभाऊंना दुपारची विश्रांती सांगितलेली आहे. वहिनी आत चहा करत होत्या आणि दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून दारात येऊन बघून जात होत्या. काय बघतात ते मला समजलं होतं. उशाशी मिटलेली डबी दिसली की परत फिरायच्या. त्या दिवशी मयतभाऊ पेपर वाचत पडले होते. माझ्याशी बोलता बोलता त्यांचा डोळा लागला, पेपर छातीवर पडला. मी बाहेर बघत होते, माझ्या लक्षात आलं नाही.

वहिनी कपबशा घेऊन आल्या. दारातच थांबल्या. नवऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा होता.

कपबशा खाली पडून फुटल्या. मी वळून बघेपर्यंत त्या कॉटशी गुडघ्यांवर होत्या, पेपर उडालेला, दोन्ही हात छातीच्या मधोमध. मयतभाऊंनी डोळे उघडले. मग ते हळूच म्हणाले, "कोपरं वाकलीत."

वहिनींनी त्यांच्या दंडावर एक चापट मारली आणि तिथेच कॉटच्या कडेला डोकं टेकून हुंदके देत रडल्या. त्यांना असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मयतभाऊंनीही नसावं. ते नुसते त्यांच्या केसांवर हात ठेवून पडून राहिले. "चुकलं गं," म्हणाले. "वाचता वाचता झोप लागली. आता नाही विसरणार."

जरा वेळाने त्या उठल्या. डोळे पुसले. त्यांच्या नाकावरून चष्मा काढला, पदराने भिंगं पुसली, नीट दुमडला, डबीत ठेवला आणि डबी त्यांच्या कानाजवळ नेऊन मिटली. टक्.

"आता झोपा," त्या म्हणाल्या.